माझ्या अंगावरचं भगदाड

मी एक जुनी भिंत आहे, आणि मधोमध मला भलं मोठं भगदाड आहे. ते पाहून हळहळू नका, मित्रांनो. ते पडायला सहा वर्षं उशीर झाला.

चौलच्या पलीकडे आमच्या गावची बाग आहे. तिच्या चारही बाजूंनी दयाराम गवंड्याने मला जांभ्या चिऱ्यांत उभी केली. पहिला चिरा बसवताना त्याने नारळ फोडला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बाय गो, आतल्यांची राखण कर." माझ्या माथ्यावर त्याने काचाही रोवल्या. नव्या रोपांना तोंड लावणाऱ्या शेळ्यांना मी एकदाही आत येऊ दिलं नाही. लोक वाखाणत, आणि मी फुशारून जाई.

पण मागच्या बाजूला माझ्या पायाखाली एक वाट गाडली गेली होती. बागेमागच्या पाखाडीतली, त्या छोट्या वस्तीतली माणसं त्या वाटेने दोन मिनिटांत इथे येत. बागेचं फाटक मात्र पुढे, डांबरी रस्त्यावर ठेवलं. का, तर उद्घाटनाच्या पाहुण्यांची गाडी थेट आत यावी! पाहुणे अर्धा तास थांबले आणि गेले. पाखाडीतले लोक मात्र रोज खडीच्या डंपरांपासून अंग चोरत, वळसा घालून येऊ लागले. एका डंपरच्या धक्क्याने ठमाबाईंचा खांदा मोडला. मागून वाट द्या, असं त्या बाग समितीच्या बाबाजींना सांगून थकल्या. बाबाजी म्हणत, "बघू."

मग सहाव्या वर्षी दयारामची मुलगी कल्पिता सायकलवरून फाटकाकडे वळत असताना डंपरने तिला मागून उडवलं. सायकल माझ्यावर येऊन आदळली. पोर चाकाखाली गेली. हाड चुरडल्याचा आवाज मी ऐकलाय, मित्रांनो, तो अजून जात नाही. लोकांनी ड्रायव्हरला खाली खेचलं आणि लाथांनी तुडवलं. तो रक्त थुंकत "मारू नका" म्हणत होता. त्या हाणामारीत कल्पिताला उचलायला कुणीच मोकळं नव्हतं.

तिची किंकाळी मागे पाखाडीत पोचली. दयाराम धावत आला, आणि मी मध्ये! त्याने मला मुठी मारल्या. मग आपणच रोवलेल्या काचांवर हात टाकून तो चढला. त्याचे तळवे फाटले, माझ्या चिऱ्यांवरून रक्त ओघळलं. बाग ओलांडून तो तिच्यापाशी पोचला तेव्हा ती बेशुद्ध होती. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ती दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी दयाराम घण घेऊन आला. बाबाजींनी त्याची गचांडी धरली. "सरकारी भिंत हाय ही! हात लावलास तर आत घालीन."

"मीच बांधली हाय. मीच पाडनार."

बाबाजींनी हात उगारला, तशा ठमाबाई मध्ये घुसल्या. "आधी माझा दुसरा खांदा मोड, मग त्याला हात लाव."

बाबाजींचा हात खाली आला. दयारामने नारळ फोडला. या वेळी त्याने हात जोडले नाहीत, माझ्या चिऱ्यावर टेकले. "तुला राखण कराला सांगितली व्हती. झाडां राखलीस गो तू. मानसां राखाला मी सांगितलाच न्हाय."

आणि घण बसला. चिरे फुटले, काचा उडाल्या. फार दुखलं. पण प्रत्येक घावाला मला वाटत होतं, अजून मार, जोराने मार.

आता माझेच चिरे त्या वाटेवर अंथरलेत. भगदाडात मधोमध एक खांब आहे, त्यामुळे माणसं आणि सायकली जातात, मोटार जात नाही. मित्रांनो, भिंत जरूर बांधा. पण त्याआधी खाली वाकून पाहा, तिथे कुणाची पावलं उमटली आहेत.

वाट खुली झाली त्या पहिल्या दिवशी कल्पिता कुबड्यांवर या वाटेने आली. माझ्या तुटक्या कडेला हात टेकून ती दम घेत होती. मागून दयाराम पुटपुटला, "आता शेळ्या शिरतील गो आत."

"शिरू दे, बाबा," ती म्हणाली. "शेळ्या हाकलता येतात."