टाक्यात अडकलेलं बोट

रुग्णालयातल्या सर्वांत ज्युनियर डॉक्टरचं काम म्हणजे धरणं. सात महिने मी फायली धरल्या, टॉर्च धरला, एकदा तर सरांचा चष्मा अख्खं ऑपरेशनभर धरला. त्या दुपारी खिडक्यांना काचा बसवणारा एक माणूस छातीत काच घेऊनच आला. सरांनी छाती उघडली, हृदयाला पडलेलं भोक दाखवलं आणि म्हणाले, "इथे बोट ठेव. उचललंस तर हा गेला."

मी बोट ठेवलं. घाईतल्या माणसानं दार ठोठावावं तसं हृदय आतून मला ढकलत होतं. सर बोटाखालून टाके घालत राहिले.

"आता हळूच काढ."

"सर, निघत नाहीये."

"घाबरलास?"

"घाबरलोयच. पण तुम्ही माझा ग्लोव्हही शिवलाय."

सिस्टर म्हणाल्या, "घ्या! आता दोघांना एकत्रच डिस्चार्ज द्या."

सरांनी तो टाका कापून नवा घातला. मी बोट उचललं. रक्ताचा थेंब नाही. हृदय चालूच होतं, माझ्याशिवाय, कुणालाही न विचारता. आम्ही तिघं नुसते बघत राहिलो. तीस वर्षं हेच बघणारे सरसुद्धा कात्री खाली ठेवायला विसरले.

बाहेर त्याच्या बायकोनं विचारलं, "डॉक्टर, कसे आहेत हो ते?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं, म्हणजे डॉक्टर मीच.

"हृदय चाललंय," मी म्हणालो. "मी अगदी जवळून पाहिलं."