शहागंजच्या आयग्लासने पाहिलेला हिरा

मित्रांनो, तुमच्या आईच्या कुंकवाच्या डबीपेक्षाही लहान असा मी एक जुना आयग्लास आहे. आयग्लास म्हणजे सराफाचं भिंग. माझ्या उघडमिट होणाऱ्या पितळी कवचात एकावर एक अशा तीन काचा आहेत. त्यांतून पाहिलं की मोहरीचा दाणा बोराएवढा दिसतो, आणि मुंगीलाही मिशा असतात हे पटतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. कवचावरची अक्षरं बोटांनी घासून कधीच पुसली गेली. माझे पहिले मालक सांडूशेठ, शहागंज बाजारातले छोटे सराफ. ते लोकांना सांगायचे, "जर्मनीचा आहे." गिऱ्हाईक जरा वजनदार असलं की मी स्वित्झर्लंडचा व्हायचो.

सांडूशेठ वारले आणि त्यांच्या पत्नी द्वारकाबाई गादीवर बसल्या. त्यांनी मला काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं. सुरुवातीला लोक यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि विचारायचे, "शेठ कुठं गेले?"

"वर," द्वारकाबाई म्हणायच्या. "तुमचं काम काय ते बोला."

दोन-तीन वर्षांत बाजारातले मोठे सराफसुद्धा शंका आली की खड्याची पुडी द्वारकाबाईंकडे पाठवू लागले. "बाईंनी पाहिलंय ना? मग झालं," असं लोक म्हणत. मी मनातल्या मनात फुगायचो. बाईंनी पाहिलं हे खरं, पण माझ्यातूनच ना!

पण मित्रांनो, कौतुकाचे दिवस सगळ्यांचेच सरतात. द्वारकाबाईंचा मुलगा ऋतुराज दुकानात बसू लागला आणि त्याने पडद्याचं यंत्र आणलं. खाली खडा ठेवायचा आणि वर टीव्हीसारख्या पडद्यावर बघायचा. "मम्मी, आता ते गळ्यातलं काढ," तो म्हणाला. "घंटा बांधल्यासारखं दिसतं." द्वारकाबाईंनी मला काढून खणात ठेवलं. तिथे माझ्या सोबतीला रबरबँड, तुटका नेलकटर आणि एक सुकलेली सुपारी होती. सुपारीशी मी कधी बोललो नाही. तिचाही स्वभाव बोलका नव्हता.

वर्षभर मी त्या अंधारात पडून होतो. दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं; उरलेलं मागाहून द्वारकाबाईंच्या बोलण्यातून कळलं. आणि एके दिवशी दुपारी मल्हाररावांचा आवाज ऐकू आला.

मल्हारराव म्हणजे पिशोर गावाजवळच्या वस्तीवरचे मेंढपाळ. त्यांचा मुलगा अजिनाथ बजाजनगरात राहून वाळूजच्या कंपनीत मशीन चालवायचा. त्याचं लग्न पिशोरच्या अक्षदाशी ठरलं होतं. ती शहरातल्या एका दवाखान्यात नर्स होती. ठरवायच्या बैठकीत अक्षदाचे मामा खंडेराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले होते, "आमची पोरगी शिकल्याली हाय. साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी पायजे." आणि मल्हाररावांनी, ज्यांनी जन्मात हिरा पाहिला नव्हता, भरल्या बैठकीत उत्तर दिलं होतं, "एक काय, दोन घालू!"

दोनाचं एकावर आणायला त्यांच्या बायकोला, म्हाळसाबाईंना, अख्खी रात्र लागली होती. आता साखरपुडा आठ दिवसांवर आला होता आणि अजिनाथच्या हातात साठवलेले पन्नास हजार होते. त्याहून एक रुपया जास्त नव्हता.

"हिरा दाखवा," मल्हारराव म्हणाले. "पण निवडणार मी. चाळीस वर्सं जनावर पारखतोय. बकऱ्याच्या दातावरून वय सांगतो."

ऋतुराजने मोठ्या उत्साहाने पहिला हिरा यंत्राखाली ठेवला आणि पडदा लावला.

"आरं, यात तर किडा हाय!" मल्हारराव ओरडले.

"काका, तो किडा नाही. नैसर्गिक डाग आहे. हा हिरा यंत्रात पन्नासपट मोठा दिसतोय."

"मंग किडाबी पन्नासपट मोठाच हाय की!"

दुसऱ्या हिऱ्यात मल्हाररावांना भेग दिसली, तिसऱ्यात पीस, आणि चौथ्यात त्यांच्या मते चक्क कुणीतरी थुंकलं होतं. एकही डाग नसलेला हिरा ऋतुराजने दाखवला, त्याची किंमत ऐकून अजिनाथला ठसका लागला. मग ऋतुराज म्हणाला, "प्रयोगशाळेत वाढवलेले हिरेही असतात. याच पैशात मोठा येईल."

"वाढवत्यात?" म्हाळसाबाईंनी विचारलं. "खुराक काय देत्यात?"

ऋतुराज काही बोलायच्या आत द्वारकाबाई म्हणाल्या, "तोबी हिराच असतो, बाई. त्यात फसवणूक नाय. पण उद्या अडीनडीला विकायला आणला तर भाव लई पडतो. हे आधीच सांगितलेलं बरं."

"पुढं इकत नाय ते जनावर आपण घेत नाय," मल्हाररावांनी निकाल दिला आणि सगळे उठून गेले. ऋतुराजने त्या दिवशी सोळा हिरे दाखवले आणि एकही विकला नाही. खणाच्या वरच त्याने कपाळ टेकलं होतं. मला त्याची दया आली. खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

चौथ्या दिवशी सगळी मंडळी परत आली, आणि या वेळी सोबत खंडेरावमामा होते. त्यांनी वरातीतल्या नवरदेवासारख्या थाटात खिशातून एक पुडी काढली.

"आमच्या वळखीच्या माणसानं दिलीय," ते म्हणाले. "दोन लाखाचा माल पन्नास हजारात. निस्तं वजन करून सांगा. बाकी आमाला म्हाइत हाय."

"मामा पाच हजार बयाणा देऊन आलेत," अजिनाथ हळूच म्हणाला. "उरलेले आज संध्याकाळी द्यायचेत."

ऋतुराजने पुडीतली अंगठी यंत्राखाली ठेवली, बटण दाबलं आणि त्याच क्षणी शहागंजातली लाईट गेली. पंखा थांबला. पडदा काळा झाला.

"आली की बघू," ऋतुराज म्हणाला.

"आमाला टाइम नाय," खंडेराव म्हणाले. "वजन करा न् मोकळं करा."

तेव्हा मित्रांनो, खण उघडला. द्वारकाबाईंची ओळखीची बोटं आत आली, रबरबँड बाजूला सारून त्यांनी मला उचललं, पदराने पुसलं आणि त्या दुकानाच्या दारात उजेडाला जाऊन उभ्या राहिल्या. वर्षभराने मी उजेड पाहिला. समोर अंगठीतला खडा होता, चांगला हरभऱ्याच्या डाळीएवढा.

त्याच्या आत एक बुडबुडा होता. गोल, सोड्याच्या बाटलीतला असावा तसा. पैलूंच्या कडाही वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत झिजल्या होत्या. हिऱ्याची कड अशी झिजत नाही.

"काच आहे," द्वारकाबाई म्हणाल्या.

खंडेरावांचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. "तुमचं ते भिंगच जुनं झालंय! त्याच्यातच बुडबुडा असंल!"

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. पण द्वारकाबाई शांत होत्या. त्यांनी तिजोरीतला एक छोटा हिरा काढून त्या खड्याशेजारी ठेवला. "भिंग राहू द्या. दोन्हीवर तोंडानं हाः करून वाफ सोडा. हिऱ्यावरची वाफ लगेच उडते. काचेवरची थांबते."

खंडेरावांनी वाफ सोडली. हिरा लगेच लखलखला. त्यांचा खडा थंडीतल्या खिडकीसारखा धुरकटलेलाच राहिला. त्यांनी पुन्हा वाफ सोडली. मग मल्हाररावांनी सोडली. म्हाळसाबाईंनी सोडली. अजिनाथने सोडली. चार माणसं काउंटरवर वाकून आलटून पालटून हाः हाः करत होती. तेवढ्यात एक बाई पैंजण बघायला आत आली, तो प्रकार पाहिला आणि आल्या पावली परत गेली.

"वळखीचा माणूस..." खंडेराव पुटपुटले आणि स्टुलावर बसले. बोलणं बंद झालं. मिशीसुद्धा खाली आल्यासारखी वाटली. द्वारकाबाईंनी त्यांना पाणी दिलं. "बयाणा अजून पाचच हजार गेलाय, मामा. पंचेचाळीस वाचले. आधी जाऊन त्या माणसाची गचांडी धरा."

आता चारच दिवस उरले होते. अजिनाथने अक्षदाला फोन केला. ड्यूटी संपवून ती तासाभरात आली, खांद्याला पिशवी आणि पायात पांढरे बूट. सगळी हकीकत ऐकून ती आधी हसली, मग मामांचा पडलेला चेहरा पाहून तिने हसू आवरलं.

"मला कुणी इचारलंच नाय," ती म्हणाली, "की अंगठी घालून मी करते काय." तिने पिशवीतून रबरी हातमोजा काढला, काउंटरवरची सर्वात उंच खड्याची अंगठी बोटात घातली आणि वरून मोजा ओढला. टर्र! मोजा फाटून खडा बाहेर आला. "दिवसातून तीसदा मोजे घालते मी. मला बसकी अंगठी पायजे. खडा लहान असला तरी चालंल."

द्वारकाबाई पहिल्यांदा मनापासून हसल्या. "ये, बैस अशी. आता बरोबर गिऱ्हाईक आलं."

त्यांनी मखमलीवर पाच छोटे हिरे मांडले आणि मला मल्हाररावांच्या हातात दिलं. "डोळ्याला चिकटवून धरा. खडा जवळ आणा. हां, श्वास रोखा." मल्हाररावांच्या पापण्या माझ्या काचेला गुदगुल्या करत होत्या.

"ह्याच्यात डाग हाय," ते म्हणाले. "पण अगदी कडंला हाय."

"कडेचा डाग अंगठीच्या दाताखाली, म्हणजे खडा धरणाऱ्या आकड्याखाली, झाकता येतो. मधला नाय झाकत. आणि कडेच्या डागाचा हिरा स्वस्त पडतो." द्वारकाबाई बोलत होत्या, अक्षदा कान देऊन ऐकत होती. "हा किंचित पिवळसर आहे, म्हणून आणखी स्वस्त. पिवळ्या सोन्यात बसवला की पिवळेपणा कुणाला कळत नाय. वजनातबी बघा. पाव कॅरेट पुरा भरला की भाव उडी मारतो, म्हणून पावाला थोडा कमी असलेला घ्यायचा. पैसे वाचवायचे ते इथं. पैलूत वाचवायचे नाय. पैलू नीट पाडला नसंल तर बाकी सगळं असून हिरा मेलेला."

मल्हारराव विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे कानाला चीर पडल्यालं मेंढरू! बाजारात कुणी घेत नाय, पर चालीला एक नंबर!"

"आता कसं बोललात!"

त्यांनी पाचही हिरे दारात उन्हात नेले, सावलीत आणले, पुन्हा उन्हात नेले. मेंढरू चालवून बघतात तसे. शेवटी मल्हारराव आणि अक्षदा यांनी एकाच वेळी एकाच हिऱ्यावर बोट ठेवलं. मी आत पाहिलं. कडेला तिळाच्या टरफलासारखा एक डाग होता, आणि बाकी सगळा नुसता उजेड. बसक्या अंगठीत बसवून, प्रमाणपत्रासकट, तो सत्तेचाळीस हजारांत झाला. प्रमाणपत्र म्हाळसाबाईंनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, खुराकाचं काय नाय. जन्माचा दाखला तेवढा हाय."

साखरपुड्याला द्वारकाबाईंना आग्रहाचं बोलावणं होतं. त्या मला गळ्यात घालून पिशोरला गेल्या. ऋतुराज "घंटा" म्हणाला नाही. उलट निघताना त्याने मऊ कापडाने माझ्या तिन्ही काचा पुसून दिल्या.

अंगठी घालून झाली आणि मांडवात कुजबुज सुरू झाली. "केवढासा हाय!" कुणीतरी म्हणालं. तसे खंडेरावमामा उठले. त्यांचा बयाणा परत मिळाला नव्हता, पण आवाज परत आला होता. त्यांनी द्वारकाबाईंकडून मला मागून घेतलं आणि गरजले, "लहान म्हन्तो कोन? रांगंत या! डोळ्याला चिकटवून धरा, श्वास रोखा!" साठ-सत्तर माणसांनी माझ्यातून तो हिरा पाहिला. एकाने मला उलटं धरून पाहिलं आणि तरीही "वा!" म्हणाला.

मग बायकांनी आपापली कुडी, नथी, अंगठ्या पुढे केल्या. द्वारकाबाई हसून सगळ्यांना सांगत होत्या, "आज नाय. दुकानात या." तेवढ्यात गर्दीतून पारूबाई आल्या. अक्षदाची ही चुलत आजी, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी कमरेच्या पिशवीतून फडक्याची गाठ सोडली. आत एक नथ होती, मधोमध पांढरा खडा.

"मालकानं जत्रंतून आणली व्हती," त्या म्हणाल्या. "सांगत व्हते, हिरा हाय. जाऊन तीस वर्सं झाली त्यांना. मी कधी कुनाला दावली नाय. तू बघून सांग, बाई."

द्वारकाबाईंना नाही म्हणवेना. त्यांनी मला डोळ्याला लावलं. मी पाहिलं. आत एक नाही, चांगले तीन बुडबुडे होते, ओळीने, जणू गप्पा मारत बसलेले.

द्वारकाबाईंनी नथ उजेडाकडे फिरवून पुन्हा पाहिली. पारूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मागून मल्हारराव, आता पक्के जाणकार झालेले, मान पुढे काढून म्हणाले, "बघू, बघू! मी सांगतो! बुडबुडा—"

खट्! द्वारकाबाईंनी माझं कवच मिटलं. "भिंगावर वाफ धरली, मल्हारराव. आता काय दिसायचं नाय." मग त्यांनी नथ स्वतःच्या हाताने फडक्यात बांधली, गाठ मारली आणि पारूबाईंच्या मुठीत ठेवली. "आजी, तीस वर्सं मी खडे बघतेय. असा खडा माझ्या दुकानात आला नाय. हा विकू नका. आन् कुणाला दावूबी नका."

पारूबाईंनी मूठ छातीशी धरली. "मला म्हाइत व्हतं," त्या म्हणाल्या आणि जेवणाच्या पंगतीत जाऊन बसल्या. दोन जिलब्या जास्त मागून घेतल्या.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. कोणतंही भिंग हाती आलं तर त्याला मऊ कापडाने पुसा, उन्हात टाकू नका, आणि काम झालं की नीट बघून मिटून ठेवा. मला उघडायला एक बोट पुरतं. मिटायला मात्र द्वारकाबाईंसारखं माणूस लागतं.