घोडपदेवची पेशीशुद्धी

साहेब, चाळ कमिटीचा हॉल त्या शिबिरवाल्यांना तुम्ही मिळवून दिलात. गेटवरच्या बॅनरवर हात जोडलेला फोटो तुमचाच होता. शेजारी बिल्डर पाडकाम करत होता, घोडपदेवात घराघरात भांड्यांवर सिमेंटची धूळ बसत होती, तेव्हा ती धूळ तपासा म्हणून बाया तुमच्या दारात उभ्या राहिल्या. तुम्ही चहा पाजलात आणि वाटेला लावलंत. मग त्याच बायांसाठी ‘मोफत पेशीशुद्धी शिबिर’ घेऊन आलात. धूळ थांबवणं तुम्हाला जमलं नाही, धुळीचं विष काढायचा तमाशा बरा जमला! त्या तमाशात नानाचं काय झालं ते आता ऐका.

नाना म्हणजे काही भोळाभाबडा माणूस नव्हे. सख्ख्या बहिणीने बुवाचा अंगारा आणला तर तो पुडीसकट गटारात टाकणारा. भिंतीवर बाबासाहेब, फळीवर बुद्ध, आणि गंडादोरा घेऊन कुणी आलं तर जयभीम घालून उंबऱ्यावरूनच परत. असल्या माणसाला देवाच्या नावाने फसवता येत नाही. त्याला शास्त्राच्या नावाने फसवावं लागतं.

शिबिराच्या अवधूत सरांना ते बरोबर ठाऊक होतं. भिंतीवर पेशीचं रंगीत चित्र, तोंडात ‘टॉक्सिन’, आवाज एकदम मऊ.

“नाना, गिरणीत कुठल्या खात्यात होता?”

“ब्लीचिंग.”

“मग बोलायलाच नको. ते केमिकल तुमच्या पेशीपेशीत जाऊन बसलंय.”

नानाच्या डोळ्यांत पाणी आलं. अख्खं आयुष्य ज्या वाफेत खोकत काढलं, त्या वाफेबद्दल मालकाने कधी विचारलं नव्हतं, गिरणीच्या डॉक्टरने नाही, युनियनने नाही. ‘तुझ्या अंगात विष भरलं गेलंय’ असं तोंडावर सांगणारा हा पहिला माणूस. नाना त्याचा झाला.

मग रोज हॉलमध्ये प्लॅस्टिकचे टब मांडले जायचे. कोमट पाणी, मूठभर मीठ, त्यात वायर जोडलेली लोखंडी गुंडाळी. पाय बुडवून बसलं की थोड्या वेळात पाणी तपकिरी व्हायचं, वर फेस धरायचा. चाळीत त्यावरून चढाओढ लागली.

“तुझं काय रे रमाकांत, निव्वळ कटिंग! माझं बघ, स्पेशल!”

“तू साच्यावर कापड विणत होतास, नाना ब्लीचिंगला. त्याच्यापुढे आपलं विष म्हणजे सरबत.”

नानाचं पाणी सगळ्यात काळं निघायचं. नाना मान ताठ करून घरी यायचा.

त्याची लेक अक्षता कुरियर ऑफिसात कामाला. पहिल्या दिवसापासून तिच्या डोक्यात किडा वळवळत होता. चाळीत दोन घरांचा चहा एका रंगाचा होत नाही, आणि विष मात्र सगळ्यांचं एकाच रंगाचं? पण म्हातारा खुशीत होता, म्हणून ती गप्प राहिली.

नानाला साखर. डावा पाय तिच्यापायीच गुडघ्याखाली गेला होता, तिथे आता रबराचा होता. उजव्याच्या अंगठ्याला जखम झाली होती. डॉक्टरने बजावलं होतं, साखर ताब्यात ठेवा, नाहीतर हाही पाय जाईल.

एका सकाळी अक्षताने दूध काढायला फ्रिज उघडला. दारात इन्सुलिनचं पेन आडवं पडलं होतं आणि त्याच्यावर कोथिंबिरीची जुडी चढून सुकली होती.

“आई, नाना सुई घेतात ना?”

सुंदराबाई तांदूळ निवडत राहिली. “त्यांनाच विचार बाय. मी बोलले तर मी अडाणी.”

नाना पेपर वाचत होता. “सर म्हणाले, इन्सुलिन पण केमिकलच. एकीकडून काढायचं, दुसरीकडून भरायचं, ह्याला काय अर्थ? हे शास्त्र आहे पोरी, अंगारा नाय.”

“आणि जखमेला वास मारतोय तो?”

“विष बाहेर पडतंय.”

अक्षताने ऑफिसला फोन करून दांडी सांगितली आणि त्याच्या मागोमाग हॉलवर गेली.

नानाने सराईतपणे पँट थोडी दुमडली. पट्टीचा पाय स्टुलावर ठेवला, जखम भिजवायची नाही म्हणून. दुसरा टबात सोडला. सरांनी बटण दाबलं. पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, मग काळपट.

“बघा! हा रंग लिव्हरचा,” सर म्हणाले.

अक्षता टबाकडे बघत राहिली.

“सर, तो पाय रबराचा आहे.”

रमाकांतला हसू फुटलं आणि ते त्याने खोकल्यात घातलं. नाना आपल्याच पायाकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

“अहो ताई, ऊर्जा सगळ्या शरीरातून...”

“रबराला लिव्हर असतं? गुंडाळीचा गंज आहे तो! पाय काढा आणि नुसतं पाणी चालू ठेवा, तरी काळं होईल.”

सरांनी बटण बंद केलं. “तुम्ही घरचे लोक निगेटिव्ह बोलता, म्हणून पेशंटला गुण येत नाही.”

“ते राहू दे. नानांची सुई कुणी बंद केली?”

“बंद करा असं मी म्हणालोच नाही. शरीराचं ऐका म्हणालो.”

“मग आता म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा, नाना, सुई घ्या.”

सर वायर गुंडाळायला लागले. “तो ज्याचा त्याचा निर्णय असतो.”

आणि नाना उठला. टबातला पाय तसाच निथळत फरशीवर ठेवला, भिंतीला धरत तो सरांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. सर म्हणून हाक मारली नाही त्याने.

“अवधूत, वायर खाली ठेव. मी अंगाऱ्यावर थुंकलेला माणूस आहे, तुझं ऐकलं ते शास्त्र म्हणून ऐकलं. मला एकच पाय उरलाय. माझ्या तोंडाकडे बघ आणि सांग, सुई घेऊ का नको?”