माझा कापलेला किनारा

मित्रांनो, घोडेगावात शांतीलालशेठच्या कापडाच्या दुकानात शिडाच्या जहाजाचं एक जुनं चित्र टांगलेलं आहे. ते चित्र म्हणजे मी. माझं वय अडीचशेच्या पुढे गेलं.

दूर युरोपात एका कारागिराने मला तांब्याच्या पत्र्यावर रेघ रेघ करून कोरलं, शाई भरली आणि कागदावर छापलं. तेव्हा तिकडचे लोक जहाजांतून नवे मुलूख शोधायला निघत आणि सापडले की बळकावत. माझ्यात तेच होतं. वर जहाजावर बंदुका रोखलेले शिपाई; खाली किनाऱ्यावर पडलेली माणसं आणि लेकराला पोटाशी धरून पळणारी एक बाई. तिचा चेहरा कारागिराने फार मन लावून कोरला होता. शिडांचं कौतुक सगळे करत, पण खरं सांगतो, माझा जीव त्या बाईत होता.

कितीतरी घरं फिरून मी पुण्याच्या जुन्या बाजारात धूळ खात पडलो. शांतीलालशेठ हौशी माणूस. त्यांनी मला घरी आणून बैठकीत लावलं.

त्यांची आई पानबाई. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघून चालणारी. देरासरातून, म्हणजे जैन मंदिरातून, आली की रोज माझ्यापुढे थबकायची. एके दिवशी म्हणाली, "शांती, त्या बाईकडं बघवत न्हाई रे. असली हिंसा घरात नको."

जहाज तर शेठना सोडवेना. त्यांनी मला फ्रेमवाल्या गेणभाऊंकडे नेलं.

"खालची पट्टी उडवा. जहाज तेवढं ठेवा."

"शेठ, लई जुनं काम हाय. कापलं की पुन्हा व्हायचं न्हाई."

"कापा हो!"

पातं फिरलं. किनारा कचऱ्यात गेला आणि संध्याकाळी त्या कचऱ्याला काडी लागली. मी टेबलावरून बघत होतो.

सोनेरी चौकटीत घरी आलो, तेव्हा शेठ खुशीत होते. "बघ आई, हिंसा गेली."

पानबाईने चौकटीच्या खालच्या कडेवर बोट फिरवलं. "ती बाई कुठं हाय?"

"काढली. तूच म्हणलीस ना?"

"अरे, मारणारे भिंतीवर ठेवले, अन् मरणारी फेकून दिली?"

दुसऱ्या दिवशी शेठनी मला दुकानात हलवलं. म्हातारी तो तुकडा मागायला गेणभाऊंकडे जाऊन आली, पण तिथे राखच होती.

मित्रांनो, एखादं जुनं चित्र बघवत नसेल, तर त्याचं तोंड भिंतीकडे करा. त्याला पातं लावू नका. गेल्या संवत्सरीला, म्हणजे वर्षभरात दुखावलेल्यांची क्षमा मागायच्या दिवशी, पानबाई दुकानात आली. गिऱ्हाइकांसमोर माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, "मिच्छामि दुक्कडम्, बाई."

जहाजावरच्या शिपायांनी ते ऐकलं. जिला म्हटलं, ती माझ्यात नव्हती.