सुकटाच्या वासाची मतपेटी

मी एक जुनी मतपेटी आहे. नाक मुरडू नका मित्रांनो! माझ्या अंगाला सुकटाचा वास येतो हे खरं, पण तो कसा लागला हे ऐकलंत, तर तुम्हीच मला जवळ घ्याल.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काचेसारखी लख्ख होते. आत आधीपासून काही दडवलेलं नाही हे सगळ्यांना दिसावं, म्हणून माझं अंग आरपार, आणि झाकणावर एक बारीक फट. नायजेरियाच्या दक्षिणेला, खाड्यांच्या जाळ्यातल्या ओपुकिरी गावी मला होडीतून आणलं. आमच्याकडे राज्याचा कारभार गव्हर्नर पाहतो, आणि त्याला लोकच मत देऊन निवडतात. काय तो माझा थाट! म्हातारी माणसं ठेवणीतले कपडे घालून माझ्यापुढे येत. अंगठा उठवलेला कागद इतक्या हळुवार हाताने आत सोडत, की जणू झोपलेलं बाळच पाळण्यात ठेवताहेत.

आणि त्याच दिवशी भरदुपारी एक स्पीडबोट आली. तोंडं बांधलेल्या पोरांनी मला उचललं, पळवलं आणि खाडीत भिरकावलं. माझ्या पोटातली मतं चिखलात विरघळली. मी काही करू शकले नाही, मित्रांनो. गव्हर्नर निवडून आला, पण निकालात ओपुकिरीच्या नावापुढे काहीच नव्हतं. पुढे गावकरी गोड्या पाण्याचा नळ मागायला शहरात गेले, तेव्हा तिथला साहेब म्हणाला, "ओपुकिरी? तिथून तर एकही मत आलं नाही. माणसं राहतात का तिथे?"

हे वाक्य गावाला काट्यासारखं रुतलं.

मी मात्र भरतीबरोबर वाहत इबिसोमावशीच्या जाळ्यात सापडले. पिकल्या केसांची, दणकट आवाजाची इबिसोमावशी बाजारात सुकट विकायची.

"अगं, मासे सोडून सरकार पकडलंस की काय?" शेजारणी हसल्या.

"सरकार निसटलं गं, डबा तेवढा हाती लागला!"

तिने माझ्यात सुकट भरलं. मी केवढी रुसले! कुठे राज्याचं भवितव्य आणि कुठे सुकट! पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायची. दुकान आवरताना मावशी झाकणावरची फट पदराने पुसून स्वच्छ करायची. रोज. का, ते तेव्हा मला कळलं नाही.

मग तोच गव्हर्नर पुन्हा उभा राहिला. त्याचा चेहरा टोप्यांवर, छत्र्यांवर, फुकट वाटलेल्या कापडावरसुद्धा! मावशीने त्या कापडाचं, कमरेला गुंडाळून गाठ मारायचं नेसूही शिवून घेतलं, आणि शिंप्याने त्याचं तोंड नेमकं बसायच्या जागी आणलं.

"मावशी, मग मत त्यालाच ना?" कुणीतरी डिवचलं.

"कापड फुकट आहे बाबा, अंगठा नाही!"

मतदानाच्या सकाळी गाव रांगेत उभं होतं. होडीतून नवी मतपेटी उतरली आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरून तिचे दोन तुकडे झाले. शहरातून आलेल्या अदाओराबाई अधिकारी होत्या. त्यांचा चेहराच उतरला. पेटी नाही तर मतदान नाही. ओपुकिरी पुन्हा कोरंच राहणार!

इबिसोमावशी दुकानाकडे वळली. तिने मला उचललं, सुकट चटईवर ओतलं, साबणाने मला खसाखसा घासलं आणि बाईंपुढे ठेवलं. दोन्ही पक्षांच्या माणसांनी मला उलटंपालटं केलं.

"रिकामी आहे," एक म्हणाला.

"पण घमघमतेय हो!" दुसरा म्हणाला.

बाईंनी हसत हसत मला सील लावलं. माझं पोट पुन्हा मतांनी भरू लागलं आणि मी आनंदाने नुसती थरथरत होते. तेवढ्यात तोच आवाज. स्पीडबोट!

मित्रांनो, आता जे घडलं ते आठवलं की आजही माझं प्लास्टिक शहारतं. रांगेतल्या म्हाताऱ्या बाया पुढे सरसावल्या आणि माझ्याभोवती कडं करून उभ्या राहिल्या. कुणाच्या हाती काठीसुद्धा नव्हती. त्यांनी फक्त आपल्या नेसूच्या गाठीवर हात ठेवला. आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं: म्हाताऱ्या बाईने कुणासमोर रागाने ती गाठ सोडली, की जणू आईनेच त्या लेकराला टाकलं. मग त्याला कुठल्याच घराचं दार उघडत नाही.

"बांध, बांध तोंड!" मावशी बोटीतून उतरलेल्या पुढच्या पोराला म्हणाली. "चालीवरून ओळखते तुला, सोकारी. तुझ्या बारशाला मीच नाचले होते. ये, ने पेटी. ये की!"

सोकारीचे पाय चिखलात रुतले. "मावशी, गाठीवरचा हात काढ ना गं..."

"तू आधी बोटीत बस."

"अरे, इंजिन चालू कर!" तो ओरडला, आणि अशी धूम ठोकली त्यांनी, की एकाची चप्पल इथेच राहिली!

संध्याकाळी सगळ्यांसमोर माझं सील उघडलं. बाई एकेक कागद उंच धरत, आणि अख्खं गाव एका सुरात आकडा म्हणे. मुलं, म्हातारे, पैलतीरावरच्या होड्यांतली माणसंही! प्रत्येक कागदाला आकाशभर आवाज! एवढ्याशा कागदात एवढा मोठा आवाज दडलेला असतो, हे मला, मतपेटीलाही, ठाऊक नव्हतं. निकालाचा कागद शाळेच्या भिंतीवर लागला, तेव्हा मावशीने त्यावरच्या गावाच्या नावावरून हळूच बोट फिरवलं.

राज्यात गव्हर्नर पुन्हा जिंकला. ओपुकिरीत मात्र हरला.

"येऊ दे निवडून," मावशी म्हणाली. "आता विचारू दे म्हणावं, माणसं राहतात का इथे!"

मतं पिशवीत भरून बाई निघाल्या. जाताना मला हुंगून म्हणाल्या, "ही तुमच्याकडेच बरी, मावशी."

म्हणून मी पुन्हा बाजारात आहे, सुकटाने गच्च भरलेली. मित्रांनो, माझ्यासारखी पेटी कुठे दिसली तर तिला रिकामा डबा समजू नका. तिच्याभोवती उभं राहायची वेळ आली, तर उभे राहा. माझं म्हणाल, तर मी आता रुसत नाही. दिवस मावळला की मावशी येते, पदराचं टोक बोटाला गुंडाळते आणि माझ्या झाकणावरची फट पुसते.