कमरेपर्यंतचा सेनापती

मी एका रणगाड्याचा कमांडर बोलतोय. उभा राहून बोललो असतो, पण मला पाय नाहीत. युद्धात गेले असं सांगितलं तर तुम्ही उगाच हळहळाल, म्हणून आधीच खरं सांगून टाकतो. पाय मला कारखान्यानंच दिले नाहीत. रणगाड्याच्या झाकणातून वर आलेला माणूस कमरेपर्यंतच दिसतो, मग खालचा खर्च कशाला, असा त्यांचा विचार. मी खऱ्या माणसाच्या पस्तिसाव्या हिश्शाचा, आणि त्यातही अर्धा. तुमच्या अंगठ्याच्या एका पेराएवढा. हुद्दा मात्र कमांडरचा.

करड्या प्लॅस्टिकच्या चौकटीत, चाकं, साखळीपट्ट्याचे तुकडे, फावडी आणि पाण्याचे डबे यांच्या पंक्तीत माझा जन्म झाला. माझं डोकं एका टोकाला होतं, धड दुसऱ्या टोकाला. खोक्यावरच्या चित्रात धूर आहे, आग आहे आणि मधोमध जबडा आवळून बोट दाखवणारा मी आहे. खोकं उघडलं की आत दोनशे चाळीस करडे तुकडे निघतात. तरीही चित्र बघून खोकं विकत घेणारी माणसं आहेत. आमचे मालक त्यांतलेच.

मालक तेव्हा पंचविशीतले. एका कचेरीत कारकून. लोकांच्या अर्जांवरच्या सह्या जुन्या सह्यांशी ताडून बघायच्या आणि जुळली नाही की अर्ज परत करायचा, हे त्यांचं काम. त्यांची बायको मुलांच्या दवाखान्यात नर्स. घरात एकच टेबल. त्यावर मालकांनी रणगाड्याचा तळ जोडला, चाकं बसवली, माझ्या धडावर डोकं आणि हात चिकटवले, माझा कोट रंगवला. राहिला चेहरा. माझं डोकं वाटाण्याएवढं. त्यावर डोळे म्हणजे सुईच्या टोकाचं काम. "चेहरा रविवारी करू, निवांत," मालक म्हणाले.

शनिवारी त्यांना मुलगी झाली. टेबल लंगोटांच्या घड्यांसाठी लागलं आणि आमचं खोकं माळ्यावर गेलं.

तो रविवार यायला तेहतीस वर्षं लागली. तेवढा काळ मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवून हल्ल्याचा हुकूम देत होतो. पुठ्ठा हलला नाही. कसर तेवढी पुढे सरकली. तिनं सूचनापत्रक नवव्या पायरीपासून खायला घेतलं आणि अकरावी संपवून हात धुतले. मालक अधूनमधून एखादं नवं खोकं आणून माझ्या डोक्यावर ठेवायचे. अशी अकरा झाली.

"निवृत्त झालो की सगळे जोडणार," ते म्हणायचे.

"निवृत्ती पुरेल का तेवढी?" बायको खालून विचारायची.

पुढे दोघंही निवृत्त झाली. मला वाटलं, आता शिडी लागणार. आठ महिने काही झालं नाही. मग एक दिवस मालक निवृत्तिवेतनाचा कसलासा अर्ज द्यायला गेले आणि तो परत आला. शेरा होता, सही जुळत नाही. चौतीस वर्षं स्वतः लिहिलेला शेरा माणसानं पहिल्यांदाच उलट्या बाजूनं वाचला. तिसऱ्या सहीला कसंबसं जमलं. घरी येऊन ते "गर्दी होती" एवढंच बोलले, आणि शिडी लावून आम्हाला खाली काढलं.

मी हुरळून गेलो. एवढ्या वर्षांनी आठवण झाली म्हणून छाती फुगवली असती, पण ती साच्यातच फुगवून आलेली आहे. खरी गोष्ट चार दिवसांनी कळली. मालकांचा उजवा हात कापायला लागला होता, आणि कितपत कापतो ते त्यांना कुणाच्या नकळत बघायचं होतं. म्हणजे मी आठवणीतला सखा वगैरे कुणी नव्हतो. परीक्षेची उत्तरपत्रिका होतो.

बायकोपासून त्यांनी ते बेमालूम लपवलं होतं, असं त्यांचं मत. पेपर हातात न धरता टेबलावर पसरून वाचायचा. अर्ज भरायची वेळ आली की चष्मा घरी विसरायचा. चहा अर्धाच कप मागायचा, म्हणजे सांडत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मालकांची मूठ दिवसभर खिशात असायची.

पुनरागमनाचा पहिला आठवडा तयारीत गेला. नवा दिवा आला, नवं पातं आलं, चिमटे आले, डोक्याला बांधायचं भिंग आलं. जुन्या रंगांच्या डब्या उघडल्या तर आत दगड. नवे रंग आले. बायकोनं दारातून एक नजर टाकली.

"ऑपरेशन कुणाचं आहे?"

"अगं, पूर्वतयारी लागते."

"पेशंट तेहतीस वर्षं झोपलाय. भूल नाही दिली तरी चालेल."

मग काम सुरू झालं. पहिल्याच दिवशी रणगाड्याचा पुढचा दिवा चिमट्यातून उडाला. मालकांनी दोन तास जमिनीवर रांगून शोधला. तो त्यांच्याच चपलेत होता. रणगाड्याच्या डाव्या कुशीवर गोंदात उमटलेला त्यांचा अंगठा अजून आहे. पण हळूहळू ते शिकले. दोन्ही कोपरं टेबलावर घट्ट रोवायची, आणि तुकडा जागेवर न्यायच्याऐवजी जागाच तुकड्यापाशी आणायची. चिखल आणि गंज लावायला तर कापरा हात उत्तमच. ठरवून इतका खरा गंज कुणाला जमत नाही. तीन महिन्यांत रणगाडा देखणा झाला. असा, की मला त्यावर उभं राहायची लाज वाटावी.

राहिलो मी. म्हणजे माझा चेहरा.

मालकांनी मला एका काडीवर टोचलं, सर्वांत बारीक कुंचला उचलला आणि माझ्या नाकासमोर आणला. कुंचल्याचं टोक हवेत गोल गोल फिरत राहिलं. मी डोळे मिटले असते, पण तेच तर व्हायचे होते. त्यांनी कुंचला खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला काडीवरून काढून बटणांच्या डबीत टाकलं, रणगाड्याच्या झाकणाला गोंद लावला आणि ते बंद करून वर दोन मिनिटं बोट दाबून धरलं.

"कमांडर बसवायची अकरावी पायरी सूचनापत्रकात नाहीच," ते दिव्याला उद्देशून म्हणाले. लेखी आदेश नाही, तेव्हा जबाबदारी नाही. ही कला चौतीस वर्षांच्या नोकरीनंच येते.

मी डबीतून बघत होतो. पाय नव्हतेच, आता उभं राहायची जागाही गेली. माझ्या उगारलेल्या बोटासमोर एक चार भोकांचं बटण होतं. मी त्याला पुढे चला म्हटलं.

संध्याकाळी बायको चहा घेऊन आली. रणगाडा चारी बाजूंनी न्याहाळला.

"छान झालाय की. पण आत कुणी नाही का?"

"आहेत ना. झाकण लावून बसलेत."

"का?"

"युद्ध चालू आहे. डोकं बाहेर कोण काढेल?"

"मग हा कोण?" तिनं डबीतून मला उचललं.

मालकांनी भिंग कपाळावर सरकवलं. "तो अतिरिक्त आहे."

अतिरिक्त. कचेरीत कुणाची खुर्ची काढून घ्यायची असली की हाच शब्द वापरतात. मी ऐकून घेतलं. कमांडरला भावना दाखवून चालत नाही, आणि मला तर चेहराच नव्हता.

बायकोनं मला तळहातावर घेतलं. माझा कोट बघितला, कोरा चेहरा बघितला, मग नवऱ्याच्या खिशातल्या हाताकडे बघितलं.

"हात बाहेर काढा."

"कशाला?"

"काढा म्हणते ना."

हात बाहेर आला. तिनं त्यात चहाची कपबशी दिली, कप काठोकाठ भरलेला. चहा बशीत आला, बशीतून विजारीवर.

"कधी कळलं तुला?" मालकांनी विचारलं.

"अर्धा कप मागायला लागलात तेव्हा. लग्न झाल्यापासून कधी अर्धा मागितला होता का?"

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते, तुम्ही कधी सांगता. तुम्ही तर झाकण चिकटवून बसलात."

मालक विजारीवरचा डाग रुमालानं पुसत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पुढे काय काय जाईल, त्याची भीती वाटते."

"ते डॉक्टर सांगतील. उद्या जायचंय," ती म्हणाली.

मलाही पर्समध्ये घालून नेलं. डॉक्टरांनी मालकांना कागदावर गोगलगाईसारखी वळणं काढायला लावली, एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतायला लावलं, आणि घरात आणखी कुणाचा हात कापायचा का, ते विचारलं.

"वडिलांचा. पण ते तापट होते. आम्हाला वाटायचं, रागानं कापतो."

"राग नसावा बहुतेक," डॉक्टर म्हणाले. "हे घराण्यातलं असतं. जिवाला धोका नाही. पूर्ण जाणारही नाही. गोळीनं थोडा फरक पडेल."

बायकोनं मला टेबलावर ठेवलं. "यांना याचे डोळे रंगवायचेत. जमेल?"

डॉक्टरांनी मला उजेडात धरून पाहिलं. "माझा हात कापत नाही. मलासुद्धा जमणार नाही."

घरी आल्यावर मालकांनी पातं घेऊन झाकण उघडलं. सरळ उघडलं नाही. कड तुटली, भोवतीचा रंग सोलला, काम तीन दिवस मागे गेलं. मग मला पुन्हा काडीवर टोचलं. बायको शेजारी खुर्ची ओढून बसली. जन्मभर तिनं तान्ह्या पोरांच्या दोऱ्याएवढ्या शिरा शोधल्या होत्या.

"मनगट वाटीवर टेकवा. वाटी पालथी घाला आधी. आता श्वास सोडा. सोडून झाला की टोचायचं. घेताना नाही."

"याला रडू येईल का?"

"याला नाही येणार. तुमचं बघा."

पहिला डोळा जमला. इतका नेटका, की दोघंही आळीपाळीनं भिंगातून बघत राहिली. दुसऱ्याच्या वेळी श्वास संपायच्या आत हात हलला आणि बुबुळ वर गेलं.

"चुकलं. पुसू का?"

तिनं भिंगातून पाहिलं. "एक डोळा रस्त्यावर, एक आभाळाकडे. रणगाड्यावरच्या माणसाला दोन्हीकडूनच भीती असते ना? राहू दे."

तेव्हापासून मी झाकणात आहे, काचेच्या कपाटात, डोळ्यांच्या उंचीवर. मला पाय नाहीत, एक डोळा भलतीकडे आहे आणि समोर जिंकायला फक्त पुस्तकांची एक रांग आहे. पण चेहरा आहे. माझ्यासारख्याला एवढं पुष्कळ झालं.

घरी येणारा प्रत्येक जण कपाटापाशी थांबतो आणि काही बोलत नाही. सभ्य माणसं व्यंगाबद्दल विचारत नाहीत. माझी एकच विनंती आहे. तुम्ही आलात तर विचारा, हा असा तिरका का बघतोय. मालक आता विषय बदलत नाहीत. "माझा हात कापतो," ते म्हणतात, "बसा, चहा घेऊ." आणि आतल्या दिशेला सांगतात, "अगं, मला पूर्ण कप."