डोंगऱ्याची करकर

डोंगऱ्याचा आवाज म्हणजे काकूंच्या कोठीच्या खोलीचं दार होतं. हे गुपित घराबाहेर फक्त दिग्दर्शिकेला ठाऊक होतं आणि घरात फक्त काकूंना. काकांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

डोंगऱ्या हा कार्टून मालिकेतला टेकडीएवढा, शेवाळी पाठीचा प्राणी. त्याच्या कानात बसून फिरणारी टिंगी ही बोटभर पोर. दोन सीझन झाले, मालिकेत कुणी चकार शब्द काढलेला नव्हता. जे काय बोलणं ते काकूंच्या हातचं. ओल्या वाळूची पिशवी आपटली की डोंगऱ्याची पावलं. कोठीचं दार हळू ओढलं की त्याचं दुःख, आणि खस्सकन ढकललं की राग. घर शांत हवं म्हणून काकू रेकॉर्डिंगच्या वेळी काकांना बागेत पिटाळत.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी टिंगी हरवली. तिसऱ्यात डोंगऱ्या आठ भाग तिच्यासाठी डोंगरदऱ्या पालथ्या घालतो आणि नवव्यात ती सापडते. तेव्हाची त्याची हाक तेवढी राहिली होती. चार वर्षांत तो आनंदाने ओरडलाच नव्हता, त्यामुळे साठवलेल्या आवाजांपैकी एकही चालण्यासारखा नव्हता.

"काकू, पाचपर्यंत पाठवा," दिग्दर्शिका फोनवर म्हणाली. "नाहीतर वरचे लोक तिथे व्हायोलिनं घालतील. मला नको आहेत हो ती."

काकूंनाही नको होती. त्यांनी माइक लावला आणि दार ओढलं. हूं नाही की चूं नाही.

"अहो!"

काका बागेत जायला चपला घालत होते, ते हसत आत आले. "कळलं ना? काल तू बाजारात गेलीस तेव्हा केलं. चार वर्षं नुसते कान किटले होते. म्हटलं, गंमत करू."

बसच्या आगारात तीस वर्षं मेकॅनिक असलेला माणूस अर्धवट काम कसं करणार? बिजागऱ्या काढून, घासूनपुसून, ग्रीस भरून पुन्हा बसवल्या होत्या. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, तो डोंगऱ्या होता!"

काकांना समजायला थोडा वेळ लागला. टिंगी हरवली तेव्हा नाक शिंकरत गॅलरीत जाऊन उभा राहिलेला हा माणूस. ते मटकन खाली बसले. "म्हणजे मी डोंगऱ्याच्या घशात ग्रीस भरलं?"

मग करकर परत यावी म्हणून मिठाचं पाणी झालं, कपड्यांचा साबण झाला. बिजागरी बधेना. काका उठले आणि फोन घेऊन बिल्डिंगभर हिंडू लागले. "जरा तुमचं दार उघडून बघू का?" लोक आधी बिचकले, मग चढाओढीने दारं वाजवून दाखवू लागले. काकू फोनवर ऐकत होत्या. एक दार उंदरासारखं, एक बदकासारखं.

"नाही हो. हा तो नव्हे."

चार वाजून गेले. काकू माइकसमोर बसून राहिल्या. डोंगऱ्या आपल्या हातून गेला, असं त्यांना खरोखर वाटलं आणि डोळे भरून आले. त्यांनी माइक बंदही केला नव्हता.

तेवढ्यात जिन्यात धाडधूड सुरू झालं. तळमजल्यावरून शिंपीदादांचा आवाज आला, "अहो, मी अंघोळ कशी करू?"

पाच मजले चढून काका दारात उभे राहिले. पाठीवर शिंपीदादांच्या न्हाणीघराचं आख्खं दार. तोंड लालबुंद, डोळे चमकत होते. त्यांना सांगायचं होतं की मिळालं, हेच ते. पण दमच पुरेना. तोंड उघडलं की नुसता श्वास, मध्येच हसू, हसण्यातून काहीतरी रडल्यासारखं, आणि पुन्हा श्वास.

"बोलू नका!" काकूंनी माइक उचलून त्यांच्या तोंडापाशी नेला. "काहीच बोलू नका."

काय झालं, ते काकांनी भुवयांनी विचारलं. तेही त्यांना धड जमेना आणि त्यांना आणखी हसू आलं.

आठ भाग डोंगर चढून आलेल्या जनावराला करकरायला दम कुठून उरणार, हे काकूंच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी तो आवाज हळू केला, खोल केला, जनावराच्या मापाचा केला आणि पाचला दहा कमी असताना पाठवला.

दिग्दर्शिकेचा फोन आला तेव्हा आधी नाक ओढल्याचा आवाज आला. "काकू, हा कोण?"

"घरचेच आहेत," काकू म्हणाल्या.

शिंपीदादांचं दार परत बसवून काका वर आले. काकूंनी त्यांना जवळ बसवलं आणि आवाज जोडलेला तो प्रसंग लावला. डोंगऱ्या कड्यावर येतो. खाली गवतात टिंगी. तो तोंड उघडतो. काकांनी काकूंचा हात घट्ट धरला. आवाज आपलाच आहे हे ते साफ विसरून गेले होते.

"अगं, किती दमलाय गं बिचारा," ते डोळे पुसत म्हणाले. "पण बघ ना, तिला बघून किती खूश झालाय."

"हो," काकू म्हणाल्या. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या.